मुरलेले कान

तमाम वसई-विरारकरांस, आणि त्यातही मनवेलपाड्यातले बँजोवाले, फटाकेवाले, पिठाच्या गिरणीवाले, भिंतीत ड्रिल मारणारे आणि घरातल्या घरात ओरडून बोलणारे यांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की माझे साडूभाऊ खडखडीत बरे आहेत आणि सुट्टीच्या दिवशी घरीच असतात. ज्यांना या सूचनेचा अर्थ कळला नसेल त्यांना तो लवकरच घरी येऊन समजावून देण्यात येईल. समजावणारा माणूस सहा फूट उंच असेल, त्याच्या गळ्यात मोठे पिवळे इअरमफ असतील, आणि दार उघडल्यावर तो आधी तुमच्या कानांकडे बघेल आणि मग तुमच्याकडे. माणसाचे कान आधी आणि माणूस नंतर पाहणारा दुसरा कुणी मला उभ्या आयुष्यात भेटला नाही. सोनारही तसंच करतो म्हणा, पण त्याची नजर कानाखाली काय लोंबतंय यावर असते. माझ्या साडूची नजर थेट आत. कानांचा असा कैवारी अख्ख्या पालघर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. निर्मळच्या एका केळी-फुलांच्या वाडीतल्या या दोन बहिणी. थोरली माझ्या वाट्याला आली. ती म्हणते, मी तिच्या वाट्याला आलो. साडू माझ्याहून तीन वर्षांनी लहान असल्यामुळे तोंडावर 'साडूभाऊ, तुम्ही' आणि पाठीमागे 'तो' असा मी मध्यममार्ग काढला आहे. राहतो मनवेलपाड्यात, नोकरी विमानतळावर. काय करता असं कुणी विचारलं तर शांतपणे सांगतो, "विमानं थांबवतो." विचारणारा दचकतो, पण यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही. विमान धावपट्टीवर उतरलं की घरंगळत आपल्या जागेकडे येतं. ते नेमक्या रेघेवर थांबावं म्हणून त्याच्यासमोर दोन्ही हातांत दांड्या घेऊन एक माणूस उभा असतो. तो हात हलवतो तसं विमान येतं, आणि त्याने हातांची फुली केली की थांबतं. तो माणूस म्हणजे माझा साडू. त्याच्यामागे सामान उतरवणारे लोडर उभे असतात, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर आवाजाचा असा काही धबधबा कोसळत असतो की शेजारच्या माणसाने कानात येऊन शिवी दिली तरी ती वाया जाते.

अशा ठिकाणी बावीस वर्षं काढल्यामुळे माझा साडू बोलतो तो प्रामुख्याने हातांनी. जेवताना त्याने उजवा हात खांद्यापासून आत वळवला की वरण पुढे सरकवायचं. दोन्ही मुठी एकमेकींवर आपटल्या की भात पुरे. पाहुणे गोंधळतात, पण माझ्या मेहुणीला ही सगळी भाषा अवगत आहे. "भाऊजी, आमच्याकडे भांडणसुद्धा हातांनीच होतं," ती मला एकदा म्हणाली. "शेजाऱ्यांना काहीच ऐकू जात नाही. त्यांची फार गैरसोय होते हो." निर्मळच्या जत्रेच्या दिवसांत रस्ते भरलेले असताना सासऱ्यांचा केळ्यांचा टेम्पो वाडीच्या अरुंद वाटेतून मागे घ्यायचा होता. ड्रायव्हर घाबरलेला, सासरे त्याच्याहून घाबरलेले. माझ्या साडूने मांडवावरची दोन लांबलचक पडवळं तोडली, एकेका हातात एकेक घेतलं आणि टेम्पोच्या मागे जाऊन उभा राहिला. आरशात ती दोन पडवळं हलताना पाहून ड्रायव्हरवर काय मोहिनी पडली कोण जाणे, तो डावीउजवीकडे न बघता सरळ मागे आला. साडूने पडवळांची फुली केली तेव्हा टेम्पोचं चाक विहिरीच्या कठड्यापासून वीतभर अंतरावर होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी फक्त एवढंच विचारलं, की जावयबापू, वीतभरच अंतर ठेवायचं होतं तर मोठी पडवळं कशाला तोडलीत, ती बियाण्याला ठेवली होती.

पण हे हात म्हणजे केवळ सवय. त्याचा धर्म म्हणजे कान. त्या धर्मात एकच कसोटी आहे: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर ती जागा कानांना खाणारी आहे असं समजावं आणि कान झाकावेत. ही कसोटी तो विमानतळावर लावतो ते ठीक आहे. तो ती बारशाला लावतो, साखरपुड्याला लावतो, आणि मी ज्या शाळेत चित्रकला शिकवतो तिथल्या स्नेहसंमेलनात लावून त्याने मुख्याध्यापकांना स्टेजवर इअरमफ घातले होते. आमच्या नात्यातल्या एका हळदीला बँजो पार्टी येणार हे कळल्यावर तो पिशवीभर इअरप्लग घेऊन गेला. फेसाच्या मऊ गोळ्या असतात त्या, नारिंगी रंगाच्या. बोटांत चोळून बारीक करायच्या, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाचं टोक वर ओढायचं, आत घालायच्या आणि फुगेपर्यंत बोट दाबून धरायचं. आम्ही सगळे त्यांना बुचं म्हणतो. त्याने ती बुचं एका ताटात नीट मांडली, मध्ये फूल ठेवलं आणि दारात उभा राहून प्रत्येकाला जोडी देऊ लागला. बँजो वाजण्याआधी हे कानांत घालायचं आहे, असं तो प्रत्येकाला हातांनी समजावत होता. इथेच घोटाळा झाला. नवऱ्याच्या एका वयस्कर मामांनी जोडी तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि शेजाऱ्याला सांगितलं की गोडाला बरी आहे, पण शिळी लागते. साडूला हे कळलं तेव्हा त्याला दुःख एकाच गोष्टीचं झालं. मामांचे कान उघडे राहिले.

आता तुम्हाला वाटेल, माणूस चक्रम आहे. आहेच. पण चक्रमपणालाही कूळ असतं, आणि याच्या चक्रमपणाचं कूळ त्या विमानतळावरच्या एका समजुतीत आहे. लोडर मंडळींत नवीन माणूस आला की पहिले काही दिवस तो इंजिनाजवळ गेला की कानांवर हात घेतो. जुने हसतात. मग महिना जातो, दोन महिने जातात, आणि एक दिवस त्याच्या लक्षात येतं की आपल्याला आता आवाजाचा त्रास होत नाही. जुने त्याची पाठ थोपटतात. कान मुरले, म्हणतात. लोणचं मुरावं तसे. ज्याचे कान मुरले तो पक्का, आणि ज्याला अजून मफ लागतात तो कच्चा. शेपटाकडचं वीज पुरवणारं कर्कश यंत्र सुरू असलेल्या विमानाखाली जो उघड्या कानांनी बॅगा ओढतो, त्याला चहा पहिला मिळतो. माझ्या साडूलाही दहा वर्षं पहिला चहा मिळत होता. मग कधीतरी एका प्रशिक्षणात कुणा डॉक्टरांनी त्याला सांगितलं की त्रास होत नाही, कारण त्रास होणारा भागच गेला. त्या दिवसापासून तो मफवाला झाला. आमच्या सासऱ्यांना त्याने ते वाडीतल्या भाषेत समजावलं होतं: कानात आत भाताच्या रोपांसारखे बारीक केस असतात, एकदा पाय पडला तर वाकून पुन्हा उभे राहतात, रोज पाय पडला की आडवेच राहतात, आणि या रोपांची लावणी पुन्हा होत नाही.

त्याच्या पाळीतल्या वीसबावीस जणांत मुरलेल्या कानांचा मेरुमणी होता राजोडीचा एक लोडर. बापाची होडी होती म्हणून सगळे त्याला नाखवा म्हणत. खांदे दाराएवढे, आवाज वाऱ्यावरून किनाऱ्यापर्यंत पोचणारा, आणि मफ गळ्यात, माळेसारखे. साडू समोर दिसला की ते वर कानांवर चढायचे, साडू वळला की ते खाली उतरायचे. हा खेळ चार वर्षं चालला. एकदा साडूने त्याला गाठून विचारलं की बाबा, नेमकी अडचण काय आहे. तेव्हा नाखव्याने खरं सांगितलं: उन्हात मफच्या आत घामाची विहीर होते, कातडी सोलते, आणि टोपी घातली की ते बसतच नाहीत. कुणी कापूस घालतं, पण त्याने काही आवाज अडत नाही. साडू घरी आला तो थेट मेहुणीच्या शिलाई मशीनसमोर बसला. पुढचा महिनाभर त्या घरात मफना सुती झबली शिवण्याचे प्रयोग चालले. पंच्याचं कापड जाड, त्याने फट राहून आवाज आत शिरतो. टेरिकॉटला घाम टिपता येत नाही. शेवटी मेहुणीच्या एका जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या मलमली साडीवर एकमत झालं. तिच्यावर जांभळी फुलं होती. माझी मेहुणी म्हणाली, "भाऊजी, माझ्या डोहाळजेवणाची साडी विमानाखाली चाललीये, पण एका अटीवर. धुवायला घरी परत यायची नाहीत ती." पाळीतले सगळे काही दिवसांत फुलाफुलांचे मफ घालून काम करू लागले. सगळे, नाखवा सोडून. तो म्हणाला की आपले कान मुरलेत, बायकांच्या साडीची गरज नाय.

मफ घालणं झालं, आता तपासणी. कंपनीकडून कानांची तपासणी दरवर्षी निघायची आणि दरवर्षी त्या दिवशी अर्धी पाळी आजारी पडायची. कारण साधं होतं. तपासणीत नापास झाला त्याला रॅम्पवरून, म्हणजे विमानं लागतात त्या जागेवरून, काढतात, अशी अफवा होती, आणि रॅम्प गेला म्हणजे पोट गेलं. साडूने साहेबांच्या मागे लागून लागून एक पत्र मिळवलं: कुणाचीही नोकरी जाणार नाही, फार तर जागा बदलेल. मग दुसरी अडचण. कानांना तपासणीआधी रात्रभर विसावा लागतो, म्हणजे ड्यूटी सुटल्यावर लगेच तपासणी उपयोगाची नाही. मग पाळीची सुट्टी ज्या रविवारी येत होती तो रविवार ठरला, आणि बहुतेक मंडळी विरार-नालासोपाऱ्याचीच म्हणून तपासणीची गाडी साडूच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत उभी करायचं ठरलं. गाडीत काचेची एक खोली असते. आत बसायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक शिटी ऐकू आली की बटण दाबायचं. फक्त बाहेर शांतता हवी. दहा ते दोन, चार तास. मनवेलपाड्यात. रविवारी.

हे ऐकून मी हसलो. ही माझी चूक, कारण हसल्याची शिक्षा म्हणून मला त्याच्याबरोबर फिरावं लागलं. आम्ही आधी गिरणीवाल्याकडे गेलो. साडूने त्याच्या कानांकडे बराच वेळ पाहिलं आणि तुझीही तपासणी करून देतो म्हणाला. तो शनिवारीच सगळं दळून टाकायला तयार झाला. हातगाडीवर भोंगा लावून भाजी विकणाऱ्याने एक दिवस तोंडाने ओरडायचं कबूल केलं, पण मग त्याच्या लक्षात आलं की गेली कित्येक वर्षं भोंगाच ओरडतोय आणि त्याला स्वतःला ओरडायचं काय ते आठवत नाही. त्याने घरी बसायचं ठरवलं. पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फरशा कापायचं काम चालू होतं आणि वास्तुशांत गुरुवारवर आलेली. मालक ऐकेना. साडूने बाह्या सरसावल्या आणि शनिवारी दिवसभर स्वतः फरशा वाहिल्या, मीही चार उचलल्या, आणि रविवारचं कापणं शनिवारीच संपलं. राहता राहिले कुकर. ती बोलणी मेहुणीने केली. चार इमारतींतल्या बायकांनी दोन वाजेपर्यंत एकही शिटी होऊ न देण्याचा शब्द दिला. रविवारची कोंबडी दुपारी दोननंतर शिजवायची म्हणजे काय, हे ज्याला घर आहे त्याला सांगायला नको. मनवेलपाड्याने एवढा त्याग कुठल्याच चळवळीत केलेला नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी फरशांची धूळ झटकत आम्ही जिन्यात बसलो होतो. मी सहज विचारलं, की साडूभाऊ, तुमची तपासणी कधी झाली होती. त्याने बोटं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. एका वर्षी त्याला सर्दी होती. एका वर्षी कानात मळ होता. दोन वर्षं नेमकी रजा आली.  मग तोच म्हणाला,

"कागदावर काय येणार ते मला माहिती आहे हो. दहा वर्षं मीही पहिला चहा प्यायलोय. खराब आला तर विमानासमोर उभं राहू देणार नाहीत, आणि बरोबरच आहे ते. पण विमान समोर आलं ना साडूभाऊ, की मला माझी उंची बरोबर वाटते. एरवी मी सगळीकडे जरा जास्तच होतो."

 मी त्याच्या गुडघ्यावर एक थाप मारली. त्याने दोन्ही अंगठे वर केले. म्हणजे सगळं ठीक, असा त्याच्या भाषेत अर्थ. हात मात्र पटकन खाली घेतले.

रविवारी दहाच्या ठोक्याला मनवेलपाडा शांत झाला. मी तुम्हाला खरं सांगतो, इतकी वर्षं मी तिथे जातोय, पण तिथल्या पंख्यांना आवाज असतो हे मला त्या दिवशी कळलं. साडू गेटवर दोन्ही हातांत आपल्या दांड्या घेऊन उभा, आणि गल्लीत शिरणाऱ्या रिक्षांना पलीकडच्या रस्त्याने वळवत होता. एकाही रिक्षावाल्याने कारण विचारलं नाही. समोरच्या माणसाने आपल्याहून मोठ्या गोष्टी वळवलेल्या आहेत हे त्यांना दिसत असावं. पंधरा मिनिटांत लोक गॅलरीत येऊन उभे राहिले. शांतता त्यांना सहन होईना. चौथ्या मजल्यावरच्या एका आजींनी पदर सावरत खाली विचारलं, "कोण गेलं हो?"

गेलं कुणीच नव्हतं. आणि आलंही कुणी नव्हतं, हीच अडचण होती. म्हणजे पाळीतली मंडळी आली होती, पण ती समोरच्या चहाच्या टपरीपाशी घोळका करून उभी होती. गाडीचं दार उघडं, तपासणीसाठी आलेल्या मॅडम दारात, यादी माझ्या हातात, आणि एकही जण रस्ता ओलांडेना. पत्र सगळ्यांनी वाचलं होतं. साडू त्यांच्याकडे गेला, मी यादी घेऊन मागे. नाखवा टपरीच्या फळीवर बसला होता. तो उठला नाही.

"सायेब," तो म्हणाला, "कागदावर काय बी लिवतील. आमचं प्वाट त्या रॅम्पवर हाय. तुमी आमाला चार वरसं सांगताय मफ घाला, मफ घाला. पन तुमचा सोताचा कान कोनी पायलाय? पयला तुमचा कागद दाखवा, मंग आमी येतो."

 माझा साडू माझ्याकडे वळला आणि हातातल्या दोन दांड्या माझ्या हातात दिल्या. "गेट सांभाळा," म्हणाला, आणि रस्ता ओलांडून गाडीत चढला.

गेट मी सांभाळलं नाही. पहिलाच रिक्षावाला माझ्या दांड्यांकडे कौतुकाने बघत सरळ आत आला. सुदैवाने त्याने स्वतःच इंजिन बंद केलं. मी गाडीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो, आणि माझ्या शेजारी कधी नाखवा येऊन उभा राहिला ते मला कळलं नाही. काचेपलीकडे साडू स्टुलावर बसला होता, गुडघे वर आलेले, हातात बटण. सुरुवातीला त्याचा अंगठा झटाझट चालला. मग सावकाश. मग मॅडमनी एक खुंटी फिरवली आणि त्याच्याकडे पाहिलं. अंगठा वरच राहिला. त्यांनी खुंटी आणखी फिरवली, आणखी फिरवली. त्याचा चेहरा सावध, मान थोडी पुढे, डोळे समोर कुठेतरी वर लागलेले. विमान अजून ढगात आहे आणि आता दिसेल, मग दिसेल, अशी वाट पाहणाऱ्या माणसाचा असावा तसा.

"आत वाजतंय का काय?" नाखव्याने मला हळूच विचारलं.

काचेबाहेरच्या टेबलावर मॅडमच्या यंत्रातला, आत शिटी सोडली की लागणारा दिवा लागत होता आणि विझत होता. वाजतंय, मी म्हटलं.

साडू खाली उतरला तो हातात कागद घेऊन. त्यावर एक रेघ होती, डावीकडे, जाड आवाजांपाशी, बरी सपाट, आणि मधून पुढे, बारीक आवाजांकडे गेल्यावर उतरणीला लागलेली. त्याने माझ्याकडून चिकटपट्टी मागून घेतली आणि तो कागद गाडीच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल अशा उंचीवर चिकटवला. म्हणजे स्वतःच्या उंचीवर नव्हे. वाकून, नाखव्याच्या डोळ्यांच्या पातळीला.

"हे मुरलेले कान," तो म्हणाला. "ही उतरण पहिल्या दहा वर्षांची. पुढे मफ घातले म्हणून निदान इथवर येऊन थांबलीये. आता मला तिथे उभं करणार नाहीत. नोकरी राहील, पत्रात लिहिलंय तसं. तेही तुम्हाला माझ्यावरूनच बघायला मिळेल."

नाखव्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं. उतरणीपाशी बोट थांबलं. मग त्याने गाडीच्या पायरीशी आपल्या चपला काढल्या, देवळात जाताना काढतो तशा, आणि आत गेला. मॅडम म्हणाल्या की चपला काढायची गरज नाही. पण त्यानंतर एकेक जण येत गेला आणि एकेक जोड त्या पायरीशी वाढत गेला. शेवटचा माणूस दोनला पाच कमी असताना बाहेर पडला, आणि दोन वाजता चारही इमारतींतल्या कुकरांनी एकाच वेळी अशी काही शिटी घातली, की गिरणीवाल्यानेसुद्धा कानांवर हात घेतले.

पत्र खरं ठरलं. नोकरी कुणाची गेली नाही. तिघांची जागा बदलली, त्यात पहिला माझा साडू. नाखव्याची रेघही उतरली होती, पण अजून वाचवण्यासारखी होती. तो आता आत बुचं आणि वर मफ असं दुहेरी घालून काम करतो, आणि मफवर जांभळी फुलं आहेत. साडू नव्या माणसांना शिकवायच्या वर्गात गेला. तिथे खुर्च्या आहेत, फळा आहे, एसी आहे आणि बाहेर बघायला खिडकी नाही. रॅम्पवरच्या शेवटच्या दिवशी भाषणं झाली नाहीत, आवाजात होणार कशी. नाखवा सांगतो, की शेवटचं विमान लागल्यावर साडू वळला तेव्हा अख्खी पाळी त्याच्यासमोर एका ओळीत उभी होती, आणि प्रत्येकाचे मफ दोन्ही कानांवर होते. साडू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. दोघांचे जरासे तिरके होते, ते त्याने सरळ केले.

कानांत घालायची यंत्रं आली, ती मात्र त्याने पंधरा दिवस डबीतून काढली नाहीत. आपल्याला ऐकू येतं म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. समोरासमोर बोललेलं सगळं त्याला ऐकू यायचं. शेवटी भाद्रपद सरताना आम्ही सगळे निर्मळला सासऱ्यांच्या वाडीत जमलो होतो, तेव्हा मेहुणीने ती डबी त्याच्यासमोर ओट्यावर ठेवली आणि हातांनीच काहीतरी सांगितलं. मला ती भाषा येत नाही. त्याला येते. त्याने निमूटपणे यंत्रं कानांत घातली. नाखवा राजोडीहून ताजे बोंबील घेऊन आला होता. तो साडूला सांगत होता, की आता दुसरा जण विमानं लावतो, बरा लावतो, पन सायेब, रेघेवर येस्तोवर आमी डोले मिटून घेतो. साडूने मान हलवली, पण त्याचं लक्ष नव्हतं. अंधारून आलं होतं, सासऱ्यांनी दिवा लावला, आणि केळींमध्ये रोजच्यासारखे रातकिडे सुरू झाले. आमच्यातल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

साडू उठून उभा राहिला. ओट्याच्या कडेपाशी गेला, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. हे काय वाजतंय, त्याने विचारलं. सासरे म्हणाले, रातकिडे, दुसरं काय. रोजच असतात का, त्याने विचारलं. सासऱ्यांनी सांगितलं की तुमच्या लग्नाच्या आधीपासून आहेत. मेहुणी दिव्याची वात सारखी करायला म्हणून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. माझा साडू वाडीकडे तोंड करून तसाच उभा.  आणि मग तो गर्रकन आमच्याकडे वळला, आम्हा सगळ्यांचे कान त्याने एकेक करून पाहिले, आणि डोळे पुसायचंही भान न राहून म्हणाला,

"एवढा आवाज चाललाय, आणि तुम्ही सगळे कान उघडे टाकून बसलाय?"